टाकी खाली बसली

आमच्या बौद्ध वस्तीत गोबरगॅस आला तेव्हा सरपंच स्वतः नारळ फोडायला आले. वस्तीला त्यांचे पाय लागले, हीच गॅसपेक्षा मोठी बातमी होती. खड्डा आमच्या अंगणात, त्यावर लोखंडी टाकी. खाली शेण कुजलं की गॅस भरून टाकी वर यायची. आमच्या दारात मात्र शेळीसुद्धा नव्हती. योजनेच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "गावात शेणाला काय तोटा?"

तोटा नव्हताच. माझ्या सासूबाई पाटलांचा गोठा झाडायच्या, आणि झाडणारीनं शेण घरी न्यायचं ही जुनी रीत. चुलीच्या धुरानं त्यांचे डोळे अधू झाले होते. धुरापासून लांब राहा, असं सेलूच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. निळ्या जोतीवर पहिली भाकरी भाजली तेव्हा त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मला फार बरं वाटलं.

मग माझा नवरा विद्यापीठाच्या नामांतरासाठी परभणीच्या मोर्चाला जाऊन आला. पाटलांनी भांडण काढलं नाही. पाटलीणबाई सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, "शेण आता आमच्याच उकिरड्यावर टाकत जा. रानाला पुरंना झालंय." गोठा मात्र झाडायचाच होता.

टाकी रोज थोडी थोडी खाली बसत गेली. जोत बारीक होत विझली. नवरा आईला म्हणाला, "जाऊन पाटलाच्या पाया पडतो. तुझ्या डोळ्याहून मोर्चा मोठा न्हाई."

सासूबाई जुन्या चुलीला पोतेरं घेत होत्या. "धूर सोसंन मी," त्या म्हणाल्या. "पण तू तिकडं गेलास, तर म्या ह्या घरात जेवणार न्हाई."

पुढं साहेब पुन्हा आले आणि टाकीला हिरवा रंग देऊन गेले. आत काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांचा, पाटलांचा, त्या रंगवलेल्या टाकीचासुद्धा संताप यायचा. सासूबाई फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिल्या.

शेवटी विद्यापीठाला नाव मिळालं, तेही जुन्या नावाला जोडून. तरी वस्तीत पेढे वाटले. नवऱ्यानं पहिला पेढा आईसमोर धरला. त्या चुलीकडं तोंड करून तशाच बसून राहिल्या. मग त्यानं त्यांचा हात उलगडला आणि पेढा तळहातावर ठेवला. समोर धरलेला त्यांना दिसत नव्हता.