वावरापासून नरनाळ्यापर्यंत, मायच्या जुन्या गुडघ्यांवर

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि मायला सांगितलं, "आजी, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. तोवर जिने चढणं बंद."

माय म्हणाली, "बंद म्हंता, मंजे अजून चढता येते."

तिथंच ही सहल ठरली. मला कळायला मात्र घरी येईपर्यंत वेळ लागला. चहाचा कप खाली ठेवून माय म्हणाली, "आप्रेशनच्या आधी मले नरनाळ्यावर जायचं हाय. वावरातून निघून, माह्या पायानं. नवे गुडघे डॉक्टरचे. नवस माह्या गुडघ्यायनं बोलला हाय."

हा नवस माझ्यासाठी होता. मी सात महिन्यांची असताना तापानं झटके यायला लागले. बाबा गाडी शोधायला गावात गेले आणि माय मला पदरात घेऊन हिवरखेडच्या आमच्या वावराच्या बांधावर उभी राहिली. तिथून उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि हवा स्वच्छ असली की नरनाळ्याचा गड. "पोरगी वाचू दे, माह्या पायानं येऊन पाच रोडगे देईन." मी वाचले. शिकले, अकोल्याच्या कोर्टात वकिली करते, आज सेहेचाळीस वर्षांची आहे. नवस तसाच राहिला. कधी मायच्या सासूचं आजारपण, कधी वेचणी, कधी माझ्या भावाचं लग्न. दर वर्षी पुढचा पौष.

"पण माय, गडावर देव कोणता आहे?" मी विचारलं.

"मले काय मालूम? मी कुठी गेली होती?"

"मग नवस कोणाला बोललीस?"

"असन कोणीतरी. एवढा मोठा गड रिकामा कोण ठेवते?"

मला एक गोष्ट आठवली. लहानपणी वावरात शिदोरी सोडून बसलो, की माय कायम गडाकडे पाठ करून बसायची. हिवाळ्याच्या दुपारी ऊन सरळ डोळ्यांत यायचं, तरी दक्षिणेकडे तोंड. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाली, "तू आपली भाकर खाय." आता कळलं. नवस फेडला नाही, तर तोंड कसं दाखवायचं?

तुम्ही नरनाळ्याला जाणार असाल तर सोपा मार्ग आधी सांगते. अकोल्याहून अकोटला एसटी भरपूर. अकोटहून पायथ्याच्या शहानूरपर्यंत गाडी करावी लागते. तिथं वनखात्याचं गेट आहे, आणि गडावर थेट जीप जाते. सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. आम्ही जे केलं ते करायची काही गरज नाही.

आम्ही निघालो ते गेल्या वर्षी जानेवारीत, दिवस उगवताना, बांधावरच्या बाभळीपासून. मायच्या नऊवारीखाली अकोल्याहून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. माझ्या पाठीवर एक सॅक आणि खांद्यावर मायनं भरलेली पिशवी: कणीक, वांगी, तुरीची डाळ, तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्यात बांधलेल्या गवऱ्या. भावानं शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "गाडीनं पायथ्यापर्यंत तरी सोडतो ना." माय त्याच्याकडे न बघताच चालू लागली.

डांबरी सडक सोडून आम्ही पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या मातीच्या गाडवाटेनं निघालो. एका बाजूला हिरवा हरभरा, दुसरीकडे कापणीला आलेली तूर. वेचणीनंतरही उभ्या ठेवलेल्या फरदडीच्या पऱ्हाटीवर अजून कुठे कुठे कापूस. पायांना ही मऊ माती बरी पडते. अडचण एकच, आजकाल पायी कोणी चालत नाही. येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबायचा.

"काय झालं, गाडी बंद पडली काय?"

"नाई."

"मंग बसा ना आजी, सोडून देतो."

"नोको बापू."

एकानं तर जरा दूर जाऊन गाडी वळवली आणि परत आला. "आजी, घरच्यायशी भांडून निघाल्या काय?"

"हाव," माय म्हणाली, "गुडघ्याशी."

थोडं चालायचं, बांधावर बसायचं, गुडघ्यांवरून हात फिरवायचा, पुन्हा चालायचं. दुपारपर्यंत माझे पाय ठणकायला लागले होते, पण बोलायची सोय नव्हती. अडतीस वर्षांचा भाऊ तासातासाला फोन करून "कुठी पोचल्या?" विचारत होता. मायनं शेवटी माझा फोन घेतला आणि म्हणाली, "पोचली की सांगीन. तोवर तू मोटर पाय, पाणी चालू ठेवलं का बंद केलं."

पहिला मुक्काम एका संत्राबागायतदाराच्या घरी केला. ओळखीतून ठरवलं होतं. बागेतच दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्यात, जेवणासकट माणशी पाचशेच्या आसपास. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, आणि जेवण झाल्यावर झाडावरून तोडून दिलेली संत्री. घरधनीण मायच्या गुडघ्यांना ओव्याचं तेल चोळत म्हणाली, "काकू, इतकं दुखते तर कावून चालून राहिल्या?"

"चालली नाई तरी दुखतेच ना? मंग चालून तरी दुखू दे."

दुसऱ्या दिवशी डोंगर जवळ आला. माय दर थांब्याला मान वर करून गडाकडे बघायची आणि लगेच नजर खाली आणायची. पायथ्याच्या गावात फुलमतीबाईंकडे उतरलो, तेव्हा शहानूर धरणाच्या पाण्यावर ऊन कलतं झालं होतं. फुलमतीबाई कोरकू आहेत. घराला लागून शेणानं सारवलेली एक नेटकी खोली त्या पाहुण्यांना देतात आणि गडावर वाटाड्या म्हणूनही येतात. उजेड होता म्हणून आधी गेटवर जाऊन उद्याची परवानगी घ्यावी म्हटलं.

आणि तिथं आमची शोभा झाली.

गेटवरच्या वनरक्षक मुलीनं विचारलं, "आगपेटी, बिडी, तंबाखू?" मग पिशवीकडे बोट दाखवलं. मायनं गाठ सोडली.

"आजी, हे काय?"

"गवऱ्या."

"गवऱ्या? कशाले?"

"रोडगे कशावर भाजू मंग, मोबाईलवर?"

आता सांगते, मी वकील आहे. अभयारण्यात विस्तव चालत नाही हे मला ठाऊक असायला हवं. गवऱ्या दोन दिवस माझ्याच खांद्यावर होत्या, आणि तरी एकदाही मनात आलं नाही. वऱ्हाडात नवस म्हटला की रोडगे, आणि रोडगे म्हटले की देवाच्या दारात पेटलेल्या गवऱ्या. कणकेच्या छोट्या पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, वरून पारी लावून गोळा बंद करायचा आणि निखाऱ्यात घालायचा. त्याच्याशिवाय काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच येत नाही.

मुलगी चांगली होती. म्हणाली, "आजी, माझी आजीपण करते रोडगे. पण जंगल वाळून कोरडं झालंय. एक ठिणगी उडाली तर?"

मायनं वादच घातला नाही. शेतकरीण आहे, वाळल्या गवताला लागलेली आग तिनं पाहिली आहे. तिनं गाठ पुन्हा बांधली आणि फुलमतीबाईंच्या अंगणात येऊन भिंतीला टेकून बसली. चहा घेतला नाही. दोन दिवस ज्या जिद्दीनं ती चालली, ती जिद्द एका पिशवीपाशी अडून पडली होती.

"माझ्या चुलीपाशी भाजा ना," फुलमतीबाई म्हणाल्या. "सकाळी कापडात बांधून वर नेऊ."

"नवसाचा सैपाक देवाच्या थानावरच होते, बाई. इथून नेलेला कसा चालन?"

फुलमतीबाई तिच्या शेजारी बसल्या. "आमचं गाव पहिले आत जंगलात होतं. तथून उठवून इथी बसवलं. घरं आणली, ढोरं आणली. आमचा मुठवा देव तथीच राह्यला. पहिल्या साली आमीबी लय रडलो. आता इथूनच त्याचं करतो."

"पावते?"

"तो काय रुसून बसते का? त्यालेबी मालूम हाय, आमी सोताहून नाई आलो."

मायनं पिशवी जवळ ओढून गाठ सोडली. मग म्हणाली, "परात हाय काय मोठी?"

सकाळी मी उठले तर अंगणात गवऱ्यांचा धूर होता आणि दोघी जणी राखेतून रोडगे उलटवत होत्या. राख पुसून, तूप लावून पाच रोडगे कापडात बांधले. वांग्याची भाजी आणि वरण फुलमतीबाईंच्या घरी वाढलं. उरलेल्या कणकेचे रोडगे त्यांच्या शेजाऱ्यांनाही गेले.

मग चढ. सुरुवातीला सागाचं जंगल आणि पायाखाली वाळलेली पानं, इतकी की स्वतःच्या चालण्याचाच आवाज होतो. पायी जायचं असेल तर आधी परवानगी आणि वाटाड्या दोन्ही घ्या, नियम बदलत असतात. पाणी भरपूर न्या. वर फोन लागेलच असं नाही, आम्हाला त्याचं सुखच झालं.

वाट मध्ये जीपच्या रस्त्याला मिळते. तिथं एक जीप थांबली, आतल्या बाईंनी सरकून जागा केली. माय काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, घामानं निथळत. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं जीपकडे पाहिलंच नाही.

पुढच्या दगडी पायऱ्यांवर मात्र उजवा गुडघा सुजला. पट्टा आवळला तसा पाय उचलेना. माय पायरीवर बसली, हातांनी रेटा देऊन बुडानं वरच्या पायरीवर सरकली. अशा तीन-चार पायऱ्या केल्या आणि थांबली.

"हे पायानं नाई झालं," ती म्हणाली.

"माय, पाय टेकलेलेच आहेत. माझ्यावर सोड, मी कोणत्याही कोर्टात सिद्ध करून देते."

"तुह्या कोर्टात देव बसते काय?"

माझा संयम सुटला. "बस झालं आता! तुला चालता येईनासं झालं तर मी काय करू? असा कोणता देव आहे ज्याला तुझे गुडघे फुटलेले हवेत? मी जिवंत आहे, समोर उभी आहे. आणखी काय पाहिजे?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र शांत होता. "तू निळी पडली होती वं. मी तुले हालवलं तर मान एका बाजूले पडली. तुहा बाप दिसेना, रस्त्यावर कोणी दिसेना. साऱ्या दुनियेत मले फक्त हा गड दिसून राह्यला होता. मी त्याले शब्द देल्ला." तिनं काठी पुढे केली. "ओढ मले. उभी कर."

मी तिला उभी केली. त्यानंतर मी परत फिरायचं नाव काढलं नाही. ती आडवी होऊन एक पाय वर ठेवायची, मग दुसरा त्याच्याजवळ आणायची. मी एका बाजूला, फुलमतीबाई दुसऱ्या. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही.

महाकाली दरवाजा अचानक समोर येतो. गडावर बघायला खूप आहे. राणीमहाल, तेला-तुपाची टाकी, नऊगजी तोफ, शक्कर तलाव. पण एवढाच दरवाजा पाहून परतलात तरी येणं वसूल. दगडात कमळं, सज्जे, वर अक्षरांच्या ओळी. मायनं त्या दगडावर हात ठेवला, कापसाचं बोंड तपासावं तसा बोटांनी चाचपला.

"एवढं काम करून लोकं गेले कुठी?" ती म्हणाली.

मग ती उंबऱ्यापाशी बसली. कापड पसरून पाच रोडगे मांडले, हात जोडले, डोळे मिटले. कोणाला हाक मारली कोण जाणे, ओठ तेवढे हलत होते. आणि तेवढ्यात सज्ज्यावरून एक काळतोंड्या वानर सरकन उतरला, एक रोडगा उचलला आणि तटावर जाऊन बसला. फुलमतीबाई हाकलत धावल्या. मायनं डोळे उघडले. रोडगे पाहिले, तटावर पाहिलं.

"पोचला," ती म्हणाली.

हसू आवरेना आणि रडूही. मायनं दुसरा रोडगा फोडला, पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला आणि मला जवळ ओढलं. मला वाटतं मी लहान असताना तिनं मला असं धरलं असेल, मोठेपणी कधी नाही. त्या घासाला राखेची किंचित चव होती.

नंतर आम्ही तिला दक्षिणेच्या तटाशी नेलं. खाली सगळं वऱ्हाड धुरकट दिसत होतं. "आपलं वावर कोणतं?" तिनं विचारलं. मी खूप शोधलं, सापडलं नाही.

"तथून हे दिसते, इथून थे दिसत नाई. मंजे मी उभी होती ते त्याले दिसलंच नसन."

"मग?"

"आवाज आला असन."

उतरताना जीप आली तशी मायनं स्वतःच हात केला. मी चकित. "आता चालते?"

"नवस चढाचा होता. उतराचा कोण बोलते?" वकिली मी कोणाकडून उचलली ते तेव्हा कळलं.

आता सगळ्यांना वाटतं ते विचारून टाकते: एवढं करून काय मिळालं? मायचा उजवा गुडघा आठवडाभर सुजलेला होता आणि डॉक्टर आम्हा दोघींवर रीतसर चिडले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मायनं आत जाताना त्यांना सांगितलं, "काढा आता. त्यायचं काम झालं." मी मात्र कोर्टात कोणी 'शब्द दिला होता' म्हणालं, की पूर्वीसारखी पटकन कागद मागत नाही. आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघते.

परवा भावाकडे हुरडा होता. माय नव्या गुडघ्यांवर, वॉकरशिवाय, बांधापर्यंत आली. बाभळीखाली सतरंजी टाकली. ती नेहमीच्या जागेवर बसणार म्हणून मी सवयीनं ताट दक्षिणेकडे ठेवलं. मायनं ते उचललं, उत्तरेकडे तोंड करून बसली, गडाकडे बघितलं आणि निवांत जेवायला लागली.