चौथ्या बाटलीचा जबाब

तो कागद दफ्तरातून गहाळ झाला आहे, असे लेखी उत्तर मला आजवर सात वेळा मिळाले. सातही उत्तरे मी जपून ठेवली आहेत. कागदाला पाय नसतात, हे ती उत्तरे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते आणि मलाही. म्हणून जे घडले ते आता अर्जाच्या नमुन्यात न बसवता सरळ लिहितो.

जव्हार दरबारच्या सरबराईकडे, म्हणजे पाहुण्यांच्या बडदास्तीच्या खात्यात, मी कारकून होतो. मुखत्यारीची, म्हणजे छोट्या वकिलीची, परीक्षा दिलेली असल्यामुळे मसुदे माझ्याकडे येत. आमच्या खात्यावरचा अंमलदार माझा बालमित्र होता. आम्ही एका बाकावर शिकलो होतो. कचेरीत मी त्याला ‘आपण’ म्हणे, बाहेर ‘तू’.

त्या हिवाळ्यात एक बडे इंग्रज साहेब शिकारीसाठी मुक्कामाला येणार होते. त्यांच्या चिटणिसाचे पत्र आले. साहेब मिश्रणाची व्हिस्की घेत नाहीत. स्कॉटलंडातील एकाच भट्टीची, नुसत्या सातूच्या मोडांची असेल तीच घेतात. दरबारने कृपा करून निवड काळजीपूर्वक करावी. तोवर आमच्या कोठीत निवड म्हणजे बाटलीच्या चिठ्ठीवरचे किल्ल्याचे चित्र किती ठळक आहे ते पाहणे. मुंबईच्या व्यापाऱ्याने चार बाटल्या नमुन्याला पाठवल्या आणि माझ्या मित्राने त्या माझ्यापुढे ठेवल्या.

“तुझं नाक कुत्र्याचं आहे,” तो म्हणाला, “आणि तू पीत नाहीस. म्हणजे बाटली परत येईल ती भरलेली येईल.”

मी पेल्यात दोन बोटे व्हिस्की ओतून, चमचाभर झऱ्याचे पाणी घालून हुंगत असे. चारही निराळ्या आहेत, एवढे कळे. त्यांतली खरी कोणती, हे कळत नसे. तेव्हा मला वावर गावचा म्हातारा आठवला.

तो कोठीवर मध आणि डिंक घेऊन येई. भाताचे आणि नागलीचे थोडे शेत, चार मोहाची झाडे, एवढा त्याचा संसार. त्याच्या हातच्या मोहाच्या दारूवाचून वावरच्या आसपास लग्न लागत नसे आणि देवाला धार पडत नसे. परवान्याशिवाय घरी दारू गाळणे संस्थानात गुन्हा होता. तो गाळतो हे सर्वांना माहीत होते, नियम करणाऱ्यांनाही. त्याच्या बोलीत अहोजाहो नव्हतेच. तो राजालाही ‘तू’ म्हणाला असता, आणि त्यात उणे काही नसते.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी बाटल्या त्याच्यापुढे मांडल्या. माझे हुंगणे पाहून तो हसला. “घाई करतोस तू. म्हणून नुसती दारू येते नाकात. ती उडू दे. मग मागं दाना राहतो.”

त्याने पहिल्या बाटलीतले चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले, वाऱ्यावर धरले आणि मग ओंजळीत नाक घातले. “राब पेटवलाय कुणीतरी. खालच्या मातीसकट.” राब म्हणजे रोपांची जागा करायला शेतात भाजायचा पालापाचोळा.

चिटणिसाच्या पत्रात लिहिले होते की, तिकडे काही ठिकाणी सातूचे मोड दलदलीतून कापलेल्या वाळक्या मातीच्या धुरावर सुकवतात. खोडाळ्याच्या बाजारापलीकडे कधी न गेलेल्या माणसाने ते तळहातावर ओळखले होते. दुसरीला तो म्हणाला, “मध. कारवीच्या फुलावरचा.” तिसरीला, “सुकी मासळी ठेवलेली टोपली.” ती भट्टी समुद्रकाठची होती, बाटलीवर तसे छापलेले मी नंतर वाचले.

चौथीची चिठ्ठी सर्वांत झगझगीत होती आणि ‘हीच बरी दिसते’ असे माझा मित्र दोनदा बोलून गेला होता. म्हाताऱ्याने हात चोळले, थांबला, हुंगला, आणि माझ्या नाकाखाली तळहात धरला.

“हा माझ्या घरचाच आहं. मोहाचा. वरनं साखर जाळून रंग दिलाय.”

मी मित्राला सांगितले. त्याने चौथ्या बाटलीचे बूच घट्ट बसवले. मग म्हणाला, “डोंगरातल्या म्हाताऱ्याच्या तळहातावर दरबार व्यापाऱ्याला खोटं ठरवणार? पुरावा हवा. त्याच्या घरची दारू आण. शेजारी ठेवू, तिघंही हुंगू.”

“ती आणणं गुन्हा आहे.”

“मी अभय देतो.”

“लेखी?”

“तू स्वतःच्या लग्नातसुद्धा भटजीकडून पोच घेतली असशील!” तो हसला आणि त्याने दोन ओळी लिहून दिल्या: परीक्षेसाठी नमुन्यादाखल आणविलेल्या मोहाच्या दारूबद्दल आणणारावर कोणतीही कारवाई होणार नाही. खाली सही, वर शिक्का.

परीक्षा झाली. आम्ही तिघांनी एका हातावर चौथी बाटली घेतली, दुसऱ्या हातावर म्हाताऱ्याची दारू. दोन्ही तळहातांना एकच वास राहिला, गोडसर, जड, झाडाखाली पहाटे पडलेल्या फुलांचा. मित्राने हात रुमालाला पुसले आणि म्हणाला, “खरं आहे.”

यानंतर मी जे केले ते कोणी माझ्याकडून करवून घेतले नाही. नमुना कोठून आला हे सिद्ध नसेल तर नमुन्याला किंमत नाही, असे मी शिकलो होतो. म्हणून म्हाताऱ्याचा जबाब मी तपशीलवार लिहिला: ही दारू मी स्वतः, वावर येथे, माझ्या घरामागील ओहोळाकाठी, माझ्या मडक्यात, माझ्या झाडांच्या फुलांची गाळली. तो त्याला वाचून दाखवला.

“एवढं कशाला?” त्याने विचारले.

“पक्कं होण्यासाठी.”

त्याने अंगठा दिला. जबाब आणि अभयपत्र मी एका दोऱ्याने शिवले आणि नियमाप्रमाणे दफ्तरी दाखल केले. जबाबाची नक्कल मी घेतली. अभयपत्राची घेतली नाही. ज्याचे अक्षर मी पाटीवर पाहिले होते, त्याच्या कागदाची नक्कल घेणे मला आमच्या मैत्रीचा अपमान वाटला.

आठ दिवसांनी शिपाई वावरला गेले. म्हातारा तेव्हा खोडाळ्याला मुलीकडे होता. ती हद्द इंग्रजी. दरबारचा शिपाई तेथे त्याला हात लावू शकत नव्हता. त्याने जावयाला माझ्याकडे पाठवून एवढेच विचारले, “येऊ का?”

मी निरोप दिला: “ये. कागद आहे.”

तो दिवसभर चालत आला. मीच त्याला चौकीवर घेऊन गेलो.

न्यायासनापुढे माझा जबाब, माझ्या वळणदार अक्षरात, वाचला गेला. कबुली इतकी पूर्ण होती की साक्षीदारांची गरज उरली नाही. मी उभा राहून अभयपत्राचा उल्लेख केला. दफ्तरात तसा कागद नव्हता. जबाबाच्या कोपऱ्यावर सुईची दोन भोके होती आणि त्यांत दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. तो मी दाखवला.

“हा दोरा दुसऱ्या कोणत्या कागदाचा होता, हे दोरा सांगत नाही,” न्यायाधीश म्हणाले.

माझ्या मित्राला विचारण्यात आले. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “असा कागद लिहिल्याचे मला स्मरत नाही. कारकुनांचा काही गैरसमज झाला असावा.”

म्हाताऱ्याला काही सांगायचे आहे काय, असे विचारले. तो माझ्याकडे वळला.

“तुझ्या कागदावर माझा आंगठा आहं. त्याचा आंगठा का नाय घेतलास?”

चार महिन्यांची कैद झाली.

बाहेर व्हरांड्यात मी मित्राला गाठले आणि कचेरीच्या आवारात प्रथमच ‘तू’ म्हणालो. “तू त्या कागदाचं काय केलंस?”

“तो व्यापारी माझ्या मुलीचा सासरा आहे,” तो हळू म्हणाला. “तुझा म्हातारा चार महिन्यांनी सुटेल. मी तिच्या सासऱ्याला चोर ठरवलं, तर ती त्या घरातून कधी सुटेल? सांग ना, मुखत्यार.”

त्याच्या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवले होते. तरी माझ्यापाशी याला उत्तर होते, आणि ते मी पुढे अर्जांत अनेकदा लिहिले आहे: अभय देण्यापूर्वीही ती त्याची मुलगीच होती. पण त्या दुपारी मी नुसता व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेलो.

मुक्कामाला चौथ्या बाटलीचाच माल आला. साहेबांनी त्यात सोडा ओतला आणि पेला रिकामा केला.

म्हातारा कैदेत असताना राब भाजण्याचे दिवस निघून गेले. राबाविना त्याच्या शेतात त्या वर्षी रोपे झाली नाहीत. मोहाची फुले झाडांखाली पडून सडली, कारण ती वेचायला त्याच्या घरातून आता कोणी धजत नव्हते. मी नोकरी सोडली आणि हुजुरांकडे, म्हणजे खुद्द राजाकडे, करावयाच्या फेरतपासणीचा अर्ज तयार केला. इतका चांगला मसुदा मी आयुष्यात लिहिला नाही. फक्त तो शिक्षा झालेल्या इसमाच्या नावे जायला हवा होता.

तो सुटल्यावर मी वावरला गेलो. शाईची डबी आणि कागद त्याच्या ओट्यावर मांडला. त्याने मला पाणी दिले, नागलीची भाकर दिली, जेवेपर्यंत पावसापाण्याचे बोलला. मग मी अर्ज वाचू लागलो. अर्धा होईपर्यंत त्याने ऐकून घेतले.

“चांगला आहं,” तो म्हणाला. “त्यो पण चांगलाच होता.”

“यात तुझा फायदा आहे. शिक्षा पुसली जाईल. यावर फक्त अंगठा—”

त्याने उजवा अंगठा चार बोटांच्या आत घेतला आणि मूठ मांडीवर ठेवली. रागावला नाही. मी सूर्य कलेपर्यंत बसलो. ती मूठ उघडली नाही.

तेव्हापासून मी माझ्याच नावे अर्ज करीत आलो आहे. कागद गहाळ आहे, या उत्तराखाली प्रत्येक वेळी आणखी एक ओळ असते: अर्जदाराचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध दिसून येत नाही.