बॉयलरला हात न लावणारे अण्णा

वसंतराव केळुसकर, म्हणजे कॅनडातल्या आम्हा रेजिनाकरांचे अण्णा, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरवग्रंथासाठी लिही म्हणून निरोप आला आणि मी गोंधळातच पडले. आयुष्यभर मोठमोठे बॉयलर चालवलेले हे इंजिनिअर आमच्या घर गरम ठेवणाऱ्या छोट्या बॉयलरला हातही लावत नाहीत, हे गौरवात कसं बसवायचं?

पहिली ओळख मात्र बॉयलरमुळेच झाली. नागपूरहून येऊन आम्ही इथे जुनं घर घेतलं आणि हिवाळ्यात वरच्या खोलीतला, बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर गार पडला. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी अण्णांना पाठवलं. त्यांनी छोट्या किल्लीने अडकलेली हवा सोडली, चहा घेतला आणि गेले. चला, म्हटलं, घरचं माणूस मिळालं! पुढे बॉयलर सारखा बंद पडू लागला, तेव्हा मात्र कव्हरही न उघडता म्हणाले, गॅसच्या टेक्निशियनला बोलाव. मी चक्रावले. स्वतःच्या घरीही ते हेच करतात म्हणे. हवा सोडणं, प्रेशरचा काटा बघणं, थर्मोस्टॅटची बॅटरी बदलणं हे आपलं काम. ज्योत, गॅस आणि धूर लायसन्सवाल्याचं, असं ते शांतपणे समजावतात. तो काटा कुठे असायला हवा, हे मात्र माझ्या अजून लक्षात राहत नाही.

एका जानेवारीत सासूबाई आमच्याकडे होत्या. बेसमेंटमध्ये बॉयलरसाठी बाहेरची हवा आणणारा पाइप आहे. त्यातून गारठा येतो म्हणून त्यांनी मायेने त्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. त्यातच हळदीकुंकवाला दिव्यांची माळ लावायची म्हणून विषारी वायूचा अलार्म प्लगमधून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉयलरवर काजळी दिसली, म्हणून मी अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, घरात कुणाचं डोकं दुखतंय का? मी काय सांगतेय आणि हे काय विचारताहेत, मला कळेना. म्हटलं, माझं, मुलीचं, सगळ्यांचंच दुखतंय. सासूबाईंना तर उपवासाने पित्त झालंय, त्या झोपल्यात.

कधी आवाज न चढवणारे अण्णा ओरडले, "त्यांना उठव, मुलीला घे आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पड. कोट शोधत बसू नकोस."

काही न उमजता मी दोघींना ओढत शेजाऱ्यांकडे नेलं. अण्णांनी तोवर फायर डिपार्टमेंटला कळवलं होतं. बोळ्यामुळे बॉयलरला हवा मिळाली नव्हती आणि घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरला होता. त्याला वासही नसतो. सासूबाई आणखी थोडा वेळ झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या, असं त्या लोकांनी सांगितलं.

हॉस्पिटलात सासूबाई आपल्या बोळ्यापायी रडत होत्या. अण्णा त्यांच्याजवळ बसून म्हणाले, वहिनी, थंडी वाजली की कुणीही हेच करेल. मग स्वतः नवा अलार्म आणून लावला. बॉयलर टेक्निशियननेच तपासला.

अण्णा, आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं लिहून मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझंही आयुष्य त्यांना लागो, असं लिही. नाहीतरी त्यांनीच दिलेलं आहे."