पुढचं बघून घेतलेला रेडिओ

हे मी आजवर कुणाच्या कानी घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, लेकींच्या तर नाहीच. तुम्हाला का सांगते? तुम्ही हसाल म्हणून. थोडं हसाच.

मी तेव्हा लासुर्ण्याची सून, अठरा वर्षांची. अक्कल? ती असती तर हे लिहावं का लागलं असतं? माझे सासरे, आबा, यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्या साली गुळाचा हंगाम बरा गेला, तेव्हा ते म्हणाले, "बारामतीला जाऊ, चावीचा फोनो घेऊ. कान हायेत तवर दोन लावण्या ऐकतो."

एवढंच मागणं. पण मला रेडिओ हवा होता. शेजारच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत वीज होती. तिथल्या एका बंगल्याच्या खिडकीखाली उभं राहून मी रेडिओ ऐकला होता. तेव्हापासून चावी पिळून तबकडीतून काढलेलं गाणं मला गाणंच वाटेना — काय तो तोरा.

थांबा, येते मुद्द्यावर. वसाहतीतल्या वायरमनच्या बायकोला, पारूबाईला, मी विचारलं होतं. ती स्वच्छ म्हणाली, तुमच्या गावाला वीज यायची न्हाय. आणि मी घरी येऊन पदराआडून सांगितलं — दिवाळीला विजेचे खांब रोवणार हायेत, वायरमनच्या घरचीच बातमी. फोनो उद्या कोण इचारतंय? घ्यायचं तर पुढचं बघून घ्यावं.

विजेवरचा रेडिओ बैलगाडीत, कडब्यावर बसून आला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, झालरीचा रुमाल घातला. आबा रोज वेशीपर्यंत जात, खांब आले का बघायला. आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सूनबाईनं पुढचं बघून घेतलंय." अशा चार दिवाळ्या गेल्या. मुक्या पेटीवर मी लोणच्याची बरणी ठेवू लागले.

शेवटी आबांनीच गाडी जुंपायला लावली. रेडिओ घेऊन आम्ही पारूबाईच्या घरी गेलो. माझा नवरा बाहेर बैल सोडत होता. वायरमननं तार जोडली, पेटी घरघरली, आणि आत एक बाई गाऊ लागली. आबा कान पुढं करून बसले होते. चेहरा हलला नाही. कान पुरते गेले होते.

तेवढ्यात पारूबाई म्हणाली, "अगं, तुला तवाच म्हटलं हुतं, वीज तुमच्याकडं न्हाय यायची. मग ह्यो कशाला घेतला?"

मी आबांकडे बघितलं. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. आणि मला — सांगायचं होतं ते हेच — मला बरं वाटलं. ते बहिरे झाले, म्हणून बरं वाटलं.

आबांनी तळवा पेटीवर ठेवला. थरथर हाताला लागली असावी. हसले. जरा मोठ्यानंच विचारलं, "गाती हाय व्हय गं?"

मी मान डोलावली. गाणं संपलं, कुणीतरी बाजारभाव वाचू लागलं, तरी आबांनी हात उचलला नाही. मी मान डोलावत राहिले, तालात.