मामांच्या जबाबातले गाळलेले वाक्य

तक्रार : साखर कारखान्याने शेतकी खात्यातल्या मामांना, यंत्राला चुकीची माहिती दिली म्हणून, कामावरून काढले.
काळ : दुष्काळातला गळीत हंगाम.
साक्षीदार : कचेरीचा शिपाई, समोरचा चहावाला आणि प्रस्तुत अर्जनवीस.

अध्यक्षसाहेब, मामांना आपणही पाहिले असेल. बांधावर उभे राहून ऊस गुडघ्यावर मोडायचे, एक कांडे चघळायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "पिकला आसंल. पर रान फिरून बघू." कोणत्या फडाची तोड आधी, हे पहिल्या गळितापासून तेच सांगत.

मग पुण्याहून संगणकवाले साहेब आले. मामांची पारख यंत्रात भरायची होती. त्यासाठी मामांना रानात नेले नाही; पंख्याखाली खुर्चीत बसवले. साहेबांना त्यांची बोली कळेना, म्हणून जबाब लिहायला मला तहसीलसमोरून बोलावले.

"पानं पिवळी पडली की तोडावा," मामा म्हणाले. "पर पाणी तुटून पिवळी झाली आसली तर न्हाय सांगता येत. रानातच जावं लागंल."

मी लिहिले : पाने पिवळी पडताच ऊस तोडीस योग्य समजावा.

वाचून दाखवल्यावर मामांनी विचारले, "पुढचं कुठं गेलं?"

"मामा, सांगता येत नाही असं लिहिलं की अर्ज फेटाळतात. हाकिमापुढं ठाम बोलावं."

"ऊस काय हाकिम हाय व्हय?"

साहेब घड्याळ बघत होते. मामांनी हसत अंगठा दिला.

त्या साली विहिरी आटल्या, रानोरान पाने पिवळी पडली. यंत्राने सरसकट तोड लावली. कोवळाच ऊस कारखान्याच्या गव्हाणीत गेला आणि साखरेचा उतारा घसरला. संचालकांनी साहेबांना एक शब्द विचारला नाही. मामांचा अंगठा तेवढा पुढे केला आणि कारखान्याच्या फलकावर त्यांना काढल्याची नोटीस लावली. ज्याला रानात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्याच माथी रानातली चूक मारली. हा कुठला न्याय?

"मामा, माझं नाव सांगा," मी म्हणालो.

"आंगठा माझा हाय. तुमचं पोट लेखणीवर चालतंय, ऱ्हाऊ द्या."

ते उमरग्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. नोटीस अजून फलकावर आहे. येणाराजाणारा वाचतो.

सबब विनंती, की ती काढावी, पाण्याविषयीचे वाक्य जबाबात पुन्हा जोडावे आणि तसे मामांच्या लेकीला लेखी कळवावे. वाक्य मामांनी सांगितले होते, गाळले मी. तसा जबाब खाली सही करून देत आहे. उत्तर मिळावे.