बर्फाच्या मशीनजवळची खुर्ची

आमच्या ह्यांनी जन्मात एकही जिंकलेली मॅच बघितलेली नाही. हरलेल्या मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या आहेत. आमचे हे म्हणजे वासुदेव टिपणीस, एर्लांगेनच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. हॉस्पिटलात पेशंटला ज्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवतात, ती मशिनं तपासायचं काम. मशीनने एकदा बरोबर उत्तर दिलं तर ह्यांचं समाधान होत नाही, पुन्हा पुन्हा द्यायला लावतात. असा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र एका विकेटवर विश्वास ठेवून बसला होता.

ती विकेट त्र्याऐंशी सालची. वर्ल्ड कपची फायनल, पुण्यातलं माझं सासर आणि टीव्हीपुढे सगळी आळी गोळा झालेली. आपल्या धावा बेताच्याच, समोरचे मारत सुटलेले. हे पाणी प्यायला उठले आणि विकेट पडली. परत येऊन बसले तर चौकार गेला. तेव्हा आत्मारामकाकांनी, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांनी, टीव्हीवरची नजर न हलवता फर्मान काढलं, "वासू, तुझा नाट लागतोय. जिन्यात जाऊन बस." भारताने कप जिंकला तेव्हा आत माणसं एकमेकांना उचलून नाचत होती आणि माझा होणारा नवरा पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या कुत्र्याची मान खाजवत होता. त्यानंतर महत्त्वाची मॅच असली की घरात आधी टीव्ही लावत आणि मग ह्यांना बाहेर काढत. वाईट कोणी वागत नसे हं. चहा, भजी, सगळं जिन्यात पोचतं व्हायचं.

हे सगळं मला लग्नानंतर कळलं. आमच्या लग्नाच्या फोटोत अंतरपाट बाजूला झालाय, मी मान वर करून बघतेय आणि ह्यांचे डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, फोटोग्राफरची चूक. सासूबाई म्हणाल्या, "चूक कसली? सगळं नीट पार पडावं म्हणून मिटले असतील त्याने." मी कपाळावर हात मारून घेतला.

जर्मनीत आल्यावर मला वाटलं, सुटलो. इथे क्रिकेट कुणाला माहीत नाही. पण आम्ही राहिलो लिंडनरॉइट नावाच्या गावात, एर्लांगेनहून रीजनल ट्रेनने थोडं पुढे. गावात एक चर्च, दोन बेकऱ्या, बिअरच्या तीन भट्ट्या आणि का कोण जाणे, बास्केटबॉलच्या पहिल्या लीगमध्ये खेळणारा एक व्यावसायिक संघ. संघाचं नाव बीबर. बीबर म्हणजे ओढ्यावर बांध घालणारा, पुढे दात आलेला एक गुबगुबीत प्राणी. बेकरीतल्या बाईपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळं गाव त्याचं चित्र असलेले पिवळे मफलर गुंडाळून हिंडायचं.

ह्यांच्या ऑफिसातल्या मान्फ्रेडकडे एकदा एक तिकीट जास्तीचं होतं. हे गेले. उंचीने माझ्याहून दोन बोटं कमी असलेला हा माणूस ताडमाड खेळाडूंची मॅच बघून घरी आला तो प्रेमात पडूनच. "अगं ऊर्मिला, काय गेम आहे! मिनिटाला विकेट!" बीबर अर्थातच हरले होते. पुढच्या मॅचला हे गेले, पुन्हा हरले. त्याच्या पुढच्या मॅचला हे ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, आणायला बाहेर गेले आणि रांगेत अडकले. तेवढ्यात बीबरनी पिछाडी भरून काढली. आतला आरडाओरडा ऐकून ह्यांनी ओळखलं आणि ब्रेत्सेल हातात धरून कॉरिडॉरमध्येच उभे राहिले. बीबर जिंकले.

ह्यांनी प्रामाणिकपणे ही गोष्ट मान्फ्रेडला सांगितली. शहाणा माणूस हसला असता. मान्फ्रेड हसला नाही, कारण तोही टेस्टिंगमधलाच. तो म्हणाला, एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, तपासायला हवं. मग हिवाळाभर त्याने ह्यांना एका मॅचला आत बसवलं, एका मॅचला बाहेर उभं केलं, मधूनच न सांगता उलटसुलट केलं. हे आत असले की हार, बाहेर असले की जीत.

मान्फ्रेड एकदा जेवायला आला तेव्हा मी त्याला चांगलीच धारेवर धरलं. "आमचे काका निदान अडाणीपणाने करत होते. तुम्ही तर शिकलेले आहात!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो शांतपणे पुरी मोडत म्हणाला. "काका अंदाजाने करत होते. आम्ही पद्धतशीर करतोय."

पद्धतशीर म्हणजे किती? कॉरिडॉर हा आग लागल्यावर पळायचा रस्ता, फ्लुख्टवेग, तेव्हा तिथे माणूस उभा ठेवता येणार नाही असं हाउसमाइस्टर त्सोल्नर म्हणाले. सगळ्या हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी स्वतः बर्फाच्या मशीनशेजारच्या कोनाड्यात एक घडीची खुर्ची भिंतीला स्क्रूने बसवली आणि वर पाटी लावली, 'हेर टिपणीस'. खेळाडू आत जाताना ह्यांच्या टकलावर हलकेच टपली मारून जायला लागले. परमुलखात येऊन ह्यांनी काय मिळवलं, तर जिन्याऐवजी कोनाडा.

आतली ह्यांची खुर्ची वर्षभराचे पैसे भरलेली. रिकामी खुर्ची टीव्हीवर बरी दिसत नाही, म्हणून तिथे मला बसवलं. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मॅच संपली की परत येताना ट्रेनमध्ये हे म्हणायचे, "सांग." मग मी सांगायची, "त्या लंबूने उडी मारली, मग त्या दुसऱ्या लंबूने मारली, मग चेंडू आत गेला." "कुठल्या हाताने?" हे विचारायचे. पहिल्यांदा मी थापा मारल्या. पुढे पुढे नीट बघायला लागले, कारण ट्रेनमध्ये परीक्षा असायची.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये बीबर चॅम्पियन झाले. शेवटची, निकालाची मॅच आमच्याच हॉलमध्ये होती. एका गुणाने मागे, शेवटचे क्षण, आणि आमचा दारियस म्हणून लिथुआनियाचा सेंटर होता, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा सगळ्यात धिप्पाड गडी, त्याने दोघांच्या डोक्यावरून चेंडू टाकला. चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि आत पडला. जिंकलो कशामुळे, यावर गावात महिनाभर काथ्याकूट चालला. पेपरवाले म्हणाले बचावामुळे, कोच म्हणाला शिस्तीमुळे, मान्फ्रेड म्हणाला रिबाउंडमुळे. मी म्हणते दारियसच्या हातांमुळे. बेकरीतली बाई म्हणाली खुर्चीमुळे, आणि गावाने तेच मान्य केलं.

रिंगची जाळी कापून खेळाडूंनी तुकडे वाटून घेतले तेव्हा दारियस कॉरिडॉरमध्ये वाकून आला आणि एक तुकडा ह्यांच्या हातात देऊन त्याने ह्यांना कवटाळलं. ह्यांचं तोंड त्याच्या पोटावर. त्या रात्री ट्रेनमध्ये ह्यांनी मला शेवटचा चेंडू परत परत सांगायला लावला. "रिंगवर किती वेळ फिरला गं?"

"बराच वेळ. अहो, सांगितलं ना!"

हे जाळीचा तुकडा बोटांना गुंडाळत राहिले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मला एकदा बघायचंय गं, आपण जिंकताना. एकदाच." मला भडभडून आलं आणि त्याच क्षणी आत्मारामकाकांपासून मान्फ्रेडपर्यंत सगळ्यांचा असा संताप आला की मी ठरवलं, हा माणूस आत बसणार म्हणजे बसणार.

जुलैत बिअर-गार्टनमध्ये क्लबची बैठक झाली. पुढच्या सीझनला संघाला काय काय हवं, ते कोच सांगत होता. दारियस स्पेनला चाललाय, तेव्हा नवा सेंटर हवा. पॉइंट गार्डचा गुडघा कुरकुरतोय, त्याला जोडीदार हवा. फाउल झाल्यावर मिळणारे फुकटचे चेंडू, म्हणजे फ्री थ्रो, आत टाकू शकेल असा एक तरी माणूस हवा. मी टेबलाखालून ह्यांना ढोसलं. हे उठले. "पुढच्या सीझनला मी आत बसणार," असं ह्यांनी चक्क जर्मनमध्ये, व्याकरणासकट सांगितलं.

बेकरीवाल्या बाईने ग्लास खाली ठेवला. क्लबचा मॅनेजर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "सेंटर लिथुआनियात आणखी मिळतील. टिपणीस कुठून आणू?"

पुढचे काही आठवडे मी कधी विसरणार नाही. बेकरीत ह्यांना आदल्या दिवशीचे पाव मिळायला लागले. पाद्रीबाबा घरी येऊन, माझ्या हातचा शिरा खाऊन म्हणाले, माणसाने कुठे बसायचं हे माणसाच्या हातात नसतं. मॅनेजरने खुर्चीला गादी आणि पायाशी हीटर देऊ केला. मी म्हटलं, मग कोनाड्यात टीव्ही का बसवत नाही? मान्फ्रेड दचकलाच. टीव्हीवर बघणं म्हणजेही बघणंच, म्हणाला, त्याचं मोजमाप आपल्याकडे नाही.

शेवटी मी पदर खोचला. मॅनेजरला म्हटलं, "बदली माणूस मी देते." आणि जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांना फोन लावले. तुम्हाला सांगते, प्रत्येक मराठी घरात असा एक माणूस असतोच, मॅच लागली की ज्याला आतल्या खोलीत पाठवतात. झिंडेलफिंगेनचे एक गृहस्थ आले. गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, पण त्यांचा नाट शेंगदाणे खाल्ले तरच लागायचा. अशा अटी चालणार नाहीत म्हणून मान्फ्रेडने त्यांना आभार मानून परत पाठवलं. मग वाल्डॉर्फहून सॉफ्टवेअरवाला दत्ता आला, बायकोला घेऊन. बायको शोभना अभिमानाने म्हणाली, "अहो वहिनी, हा नुसता स्कोअर विचारतो ना, तरी विकेट पडते! माझ्या माहेरी तर ह्याला मॅचच्या दिवशी बोलवतच नाहीत."

सप्टेंबरच्या सरावाच्या मॅचला दत्ताला कोनाड्यात बसवलं. ह्यांचा परिणाम मध्ये येऊ नये म्हणून ह्यांना आमच्या घराच्या तळघरात ठेवलं, सायकलींपाशी. बीबर दणकून जिंकले. दत्ताला प्रवासखर्च आणि हवी तेवढी बिअर या बोलीवर घेतलं. योगायोगाने त्याच दिवशी सर्बियाचा नवा सेंटरही ठरला. गावच्या पेपरात 'संघातली नवी भर' म्हणून दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापून आले. दत्ताने ते कात्रण फ्रेम केलं. सासुरवाडीलाही एक पाठवलं.

ऑक्टोबरात पहिली मॅच. ह्यांनी सकाळी न्हाऊन देवापुढे उदबत्ती लावली, इस्त्रीचा शर्ट घातला, वर पिवळा मफलर. हॉलमध्ये शिरताना कोनाड्यात दत्ता ताठ बसलेला होता. पाटी तीच होती. त्सोल्नर म्हणाले, टिपणीस हे आता पदाचं नाव आहे. दत्ताने ह्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

हे माझ्याशेजारी बसले. पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून. काय बघत होते! चेंडू इकडे गेला की मान इकडे, तिकडे गेला की तिकडे. "अगं, हा असं करतो हे तू सांगितलंच नव्हतंस!" असं मला तीनदा ऐकवलं. आजूबाजूची माणसं मात्र गुणांच्या फळ्याकडे कमी आणि ह्यांच्याकडे जास्त बघत होती. बीबर मागे पडले की चारी बाजूंनी माना वळायच्या. बेकरीवाली बाई तर मफलर तोंडात धरून बसली होती.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि नव्या सेंटरला दोन फ्री थ्रो मिळाले. मॅचमध्ये आता जेमतेम श्वास घेण्याएवढा वेळ उरला होता. पहिला आत गेला. बरोबरी. दुसऱ्यासाठी त्याने चेंडू हातात घेतला आणि सगळा हॉल चिडीचूप झाला. ह्यांनी माझा हात पकडला, इतका घट्ट की बांगडी रुतली. मी वळून बघितलं तर ह्यांचे डोळे गच्च मिटलेले. त्या फोटोतल्यासारखेच.

"अहो, उघडा डोळे! एवढा सगळा खटाटोप कशासाठी केला मी?"

"नको. तू बघ. तू सांग मला."

"अहो, तो टाकतोय! बघा ना!"

"नाही गं. हे तुझ्याकडूनच ऐकायचंय मला."

आणि एकदम हॉल फुटला. लोक बाकांवर चढले, कुणाची तरी बिअर माझ्या शालीवर सांडली, मान्फ्रेड पाद्रीबाबांच्या गळ्यात पडला, आणि कॉरिडॉरमधून दत्ताची मराठी आरोळी ऐकू आली. हे तसेच, डोळे मिटून.

"गेला?" ह्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही बघितलं नव्हतं. मी इतका वेळ ह्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"गेला," मी म्हटलं.

"कसा?"

"आधी रिंगवर आपटला."

"मग? किती वेळ फिरला?"

"बराच वेळ," मी म्हटलं, आणि त्यांचा हात तसाच धरून पहिल्यापासून सांगायला लागले.