अराबाचा वार

मोरी गावच्या किनाऱ्यावर अराबानं उभा जन्म मासळी धुरावर सुकवली, सडक्या आतड्यांत कोपरापर्यंत हात घातले. पण त्या दिवशी स्वतःच्याच घरात जी शिसारी आली, तशी तिला कधी आली नव्हती.

संदेष्टा आला होता. परगावचा, पांढऱ्या बुटांचा. नवऱ्यानं, एकोनं, बोलावून आणलेला; लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलत नव्हता. तिलाही मूल हवंच होतं, म्हणून तर ती गुडघे टेकून बसली.

"पवित्र पुस्तकातलं जुनं झालं, मुली," संदेष्टा म्हणाला. "मला देव ताजं सांगतो." डोळे मिटून जरा थरथरला. "दिसलं! तू जन्मलीस तो मंगळवार दिसला. याच घरातल्या म्हातारीनं त्या दिवशी तुझी कूस बांधली!"

घरात म्हातारी एकच, मन्सा मावशी. आई गेल्यावर अराबाला तिनंच पाठीशी बांधून वाढवलं. झाली बिचारी चेटकीण, एका दमात! एकोनं तिचं गाठोडं उचलून दाराबाहेर भिरकावलं. मावशी वाकून चपला शोधू लागली.

अराबा मंगळवारवरच अडली होती. आमच्यात पोरांना जन्मवाराचं नाव देतात, आणि अराबा म्हणजे मंगळवारची, हे खरं. पण तिला ते पणजीच्या आठवणीसाठी ठेवलेलं. ती जन्मली तेव्हा बाप मासेमारीला गेला होता, आणि मंगळवार समुद्राच्या सुट्टीचा. त्या वारी इथं एकही होडी पाण्यात उतरत नाही.

"अहो, मी शुक्रवारची," ती म्हणाली. "देवाला एवढंही ठाऊक नाही होय?"

त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. "देव आत्म्याच्या जन्माचं बोलतोय."

"आमेन!" एको म्हणाला.

शी! माझा खरा वार माहीत असून हा आमेन म्हणतो!

"ताजी म्हणून मासळी कुणीही विकतं," ती उठली. "मी कल्ला उघडून बघते. तुमची वाणी सडकी आहे, उचला इथनं! मला माझं पुस्तक पुरे."

"जीभ आवर!" एको ओरडला. "ही म्हातारी राहणार असेल तर मी या घरात राहत नाही."

अराबानं गाठोडं आत आणलं, मावशीला हाताला धरून बसवलं. मग खुंटीवरचे एकोचे शर्ट काढले, एकेकाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिले.

"घर मावशीचं आहे, एको," ती म्हणाली.